सायलेन्सरपासून बॅटरीच्या पेटीपर्यंत : अंधेरीतल्या एका चाचणी प्रयोगशाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत एक जुनी तीन मजली औद्योगिक इस्टेट आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावरचे दोन गाळे आणि तळमजल्यावरचा अर्धा गाळा, एवढ्यात ही प्रयोगशाळा मावते. वाहनांच्या सुट्या भागांची चाचणी हा धंदा. मालकांना सगळे बाबा म्हणतात. आता कारभार त्यांची मुलगी बघते, ती ताई. मशीनवर तीस वर्षं काढलेले एक मामा आहेत. मी दर वर्षी अंतर्गत ऑडिटला जातो, त्यामुळे पुढचं बरंचसं स्वतः पाहिलेलं आहे आणि थोडं ताईंच्या तोंडून ऐकलेलं. ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदललेत. चुका मात्र जशा झाल्या तशाच ठेवल्यात, माझी धरून.

नव्वदच्या दशकात बाबांनी सुरुवात केली तेव्हा कुर्ला, कांदिवली, भांडुप, ठाणे या पट्ट्यात गाड्या आणि गाड्यांचे भाग बनत होते. मोठ्या कारखान्यांना माल पुरवणारे छोटे व्हेंडर शेकड्यांनी होते आणि त्यांच्याकडे स्वतःची चाचणीची सोय नव्हती. ब्रॅकेट, सायलेन्सर, इंजिनाचे रबरी माउंट, इंधनाच्या नळ्या, दिव्यांच्या काचा असला माल टेम्पोतून यायचा आणि रिपोर्ट घेऊन परत जायचा. मशीनं चार प्रकारची : मिठाचा फवारा मारणारा सॉल्ट स्प्रे चेंबर, गरम-थंड करणारा थर्मल चेंबर, तळमजल्यावर भाग जोरात हलवून बघणारा शेकर, आणि रबराच्या चाचण्यांचं एक टेबल. सॉल्ट स्प्रेत ५ टक्के मिठाचं पाणी ३५ अंश सेल्सिअसला धुक्यासारखं पडत राहतं आणि किती तासांनी गंज फुटतो ते बघायचं. खिडकी उघडी ठेवली तर मुंबईत हेच काम फुकटात होतं, हा मामांचा जुना विनोद.

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी, कारण पुढचा अर्धा घोळ तिच्यातूनच झाला. गाडी रस्त्यावर आणायची मान्यता अशी प्रयोगशाळा देऊ शकत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२६ खाली ज्या संस्था येतात, म्हणजे पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट वगैरे, त्याच ते काम करतात. आमच्यासारख्यांचं काम त्याच्या अलीकडचं : भाग बनवताना तो टिकतो का, व्हेंडरने सांगितलेलं खरं आहे का, पुण्याच्या रांगेत उभं राहण्याआधी कुठे फाटेल. त्या कामाला वजन येतं ते एनएबीएलच्या, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, मान्यतेने. पण ती मान्यता सरसकट नसते. कोणती चाचणी, कोणत्या पद्धतीने, कुठल्या मर्यादेपर्यंत, अशी यादी असते. तिला स्कोप म्हणतात. यादीबाहेरच्या चाचणीच्या रिपोर्टवर ते चिन्ह छापता येत नाही.

अडचण

धंदा आटत गेला तो विजेच्या गाड्यांमुळे नव्हे, हे मुद्दाम सांगतो, कारण आज सगळ्याचं खापर त्यांच्यावर फुटतं. आधी कारखानेच चाकण, तळेगाव, नाशिककडे गेले. मग १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, लागू झाले. त्यानंतर सायलेन्सर ही नुसती पत्र्याची नळी राहिली नाही. तिच्यात उत्प्रेरक, सेन्सर, डिझेल गाडीत काजळीचा फिल्टर, असा सगळा संसार आला. तो संसार मोठे पुरवठादार आपल्याच प्रयोगशाळेत तपासतात. प्रयोगशाळेचे सायलेन्सरवाले तीन गिऱ्हाईक दोन वर्षांत बंद झाले किंवा फर्निचरच्या नळ्यांकडे वळले.

२०२२ च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटरना आगी लागल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. एआयएस म्हणजे वाहन उद्योगाची मानकं : दुचाकी-तिचाकींसाठी एआयएस १५६ आणि चारचाकींसाठी एआयएस ०३८ ची दुसरी सुधारित आवृत्ती, पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. प्रयोगशाळेचा फोन पुन्हा वाजायला लागला. फोनवरचा प्रश्न मात्र एकच असायचा : “एआयएस १५६ चं सर्टिफिकेट किती दिवसांत मिळेल?”

उत्तर “आमच्याकडे मिळत नाही” असं होतं. ताई ते सांगायच्या आणि समोरून फोन ठेवला जायचा. महिनाभर असं चाललं. फोन येतोय म्हणजे काम आहे, काम आहे तर आपल्याकडे का नाही, हा प्रश्न रोज संध्याकाळी चहाबरोबर चघळला जाऊ लागला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय बाबांच्या मनात होता आणि तो बोलायला कोणी तयार नव्हतं : गाळे विकून मोकळं व्हायचं. आजूबाजूच्या इस्टेटी पाडून काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. भाव चांगला आला असता.

दुसरा, रबराच्या टेबलाला जोर द्यायचा. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, म्हणजे ई-२०, येणार होतं. इथेनॉलने काही रबरं फुगतात, मऊ पडतात. नळी, सील, ओ-रिंग या इंधनात बुडवून ठेवायच्या आणि आधी-नंतरचं वजन, आकारमान, कडकपणा मोजायचा. ही चाचणी मामा झोपेतही करतील. मशीन नवीन नको, स्कोपमध्ये थोडी भर पुरेशी. हा पर्याय इतका साधा होता की बैठकीत त्यावर पाच मिनिटंही कोणी बोललं नाही. मीही नाही.

तिसरा, बॅटरी ज्यांची बनते त्या सेलची चाचणी. चार्ज-डिस्चार्ज करणारं सायकलर मशीन घ्यायचं आणि सेल किती वेळा भरता-रिकामा करता येतो, किती क्षमता उरते, ते मोजायचं. नव्याने लागलेला एक तरुण इंजिनिअर याचा हट्ट धरून होता. “गाडी म्हणजे आता बॅटरी, बाकी सगळं पत्रा,” असं तो म्हणायचा.

चौथा, बॅटरीची पेटी, कनेक्टर, केबल हार्नेस म्हणजे वायरींचे जुडगे. यात वीज भरलेला सेल येतच नाही. रिकामी पेटी पाण्यात बुडवायची, हलवायची, तापवायची, गंजवायची. यासाठी बुडवायची टाकी आणि धुळीचा चेंबर सोडला तर बाकी सगळं हाताशी होतं.

पाचवा, भिवंडीकडे मोठी शेड घेऊन बॅटरीच्या आगीपर्यंतच्या सगळ्या चाचण्या करायच्या. त्याचा खर्च मांडला आणि कागद घडी करून ठेवला.

पहिला निर्णय : सायकलर

तिसरा पर्याय निवडला गेला. कारणं आज वाचायला बरी वाटत नाहीत. मशीनचा विक्रेता चांगला बोलायचा, हप्त्याची सोय होती, आणि दोन पार्ट्यांनी तोंडी काम देऊ केलं होतं. खरं म्हणजे सगळ्यांना काहीतरी नवीन करून दाखवायचं होतं. सॉल्ट स्प्रेचा चेंबर पाहुण्यांना दाखवून कोणाचे डोळे दिपत नाहीत.

मशीन २०२३ च्या सुरुवातीला आलं. तिसऱ्या मजल्यावर, थर्मल चेंबरच्या शेजारी. मार्चमध्ये एका पार्टीचा माणूस कापडी पिशवीत पाऊच सेल, म्हणजे पाकिटासारखे चपटे सेल, घेऊन रिक्षाने आला. त्यातला एक कोपऱ्यात दबलेला होता. इंजिनिअरने त्याची नोंद केली, फोटो काढला आणि सेल चार्जिंगला लावला. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास इंजिनिअर घरी गेलेला, मामा कुलूप लावायच्या बेतात, तेव्हा गोडसर, नाकात चढणारा वास आला. सेल उशीसारखा फुगला होता आणि एका कडेने धूर सोडत होता. मामांनी मशीन बंद केलं, भट्टीचा लांब चिमटा घेतला, सेल वाळूच्या बादलीत टाकला आणि बादली उचलून गच्चीवर नेली. वाळूने ज्वाळा दबतात, आतली उष्णता नाही. त्या बादलीतून रात्री दहापर्यंत धूर येत होता. अशा वेळी भरपूर पाणी घालून थंड करणं हे वाळूपेक्षा चांगलं, आणि तो धूर फुप्फुसाला वाईट असतो, हे आम्ही सगळ्यांनी नंतर वाचलं.

कोणाला काही झालं नाही. टेबलाचा लॅमिनेट जळला एवढंच. पण भिंतीपलीकडचा गाळा तयार कपड्यांचा होता. छतापर्यंत कापडाचे तागे.

दुसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस आली. विम्याची पॉलिसी काढून बघितली तर कामाच्या वर्णनात “धातू व रबराच्या भागांची चाचणी” एवढंच होतं. दावा करावा लागला असता तर काय झालं असतं, हा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही.

इथे थांबून बघण्यासारखं आहे. आमच्या जुन्या धंद्यात नापास होणारा नमुना निमूट नापास होतो. ब्रॅकेटला तडा जातो, पत्र्यावर लाल डाग येतो, रबर फुगतं. तो टेबलावर पडून राहतो, सकाळी येऊन फोटो काढायचा. लिथियमचा सेल नापास झाला तर टेबलावर राहत नाही. म्हणून मशीन घेण्याआधी “हे काय मोजतं” याच्या बरोबरीने “नमुना नापास झाला तर तो कुठे जाईल” हा प्रश्न विचारायला हवा होता. त्या गाळ्यात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मशीन कितीही चांगलं असतं तरी नसतं.

इंजिनिअरचं म्हणणं वेगळं होतं. दबलेला नमुना घेतला ही चूक, मशीनची नाही. खिडकीजवळ लोखंडी कपाट करू, धूर बाहेर काढायचा पंखा लावू, रात्री टेस्ट लावायची नाही. त्याचं अगदीच चूक होतं असं मला वाटत नाही. सेलची चाचणी नीट करणाऱ्या जागा अशाच नियमांवर चालतात. पण त्या जागांना शेजारी कापडाचे तागे नसतात. ताईंनी चार दिवस घेतले आणि वीज भरलेला सेल इमारतीत आणायचा नाही असं ठरवलं. लेखी. दारावर लावलं. इंजिनिअर दोन महिन्यांत पुण्याला गेला.

दुसरा निर्णय : टाकी

मग चौथा पर्याय, आधीच घ्यायला हवा होता तो. बॅटरीच्या पेट्या आणि कनेक्टर. इथे पार्ट्यांची मुख्य मागणी आयपी-६७ ची, म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याच्या एका ठरलेल्या पातळीची. यातला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जाऊ नये. ७ म्हणजे पाण्यात तात्पुरती बुडाली तरी अपाय होईल एवढं पाणी आत शिरू नये : ८५० मिलिमीटरपेक्षा कमी उंचीची वस्तू असेल तर तिचं सर्वांत खालचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली १ मीटरवर, आणि ३० मिनिटं.

धुळीचा चेंबर सेकंडहँड मिळाला. टाकीचं चित्र मामांनी काढलं : २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, आत १.२ मीटर पाणी. जागा तिसऱ्या मजल्यावर, सायकलर होतं तिथेच. ऑर्डर द्यायच्या आदल्या दिवशी बाबांनी सहज विचारलं, “भरल्यावर वजन किती?”

हिशेब सोपा होता आणि कोणी केला नव्हता. ३.६ घनमीटर म्हणजे ३.६ टन पाणी, ३ चौरस मीटरवर. चौरस मीटरला १.२ टन, म्हणजे जवळजवळ १२ किलोन्यूटन, टाकीचं लोखंड सोडून. मजल्यांवरच्या भारासाठीच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ मध्ये, हलक्या यंत्रांच्या कामाच्या जागेला ५ किलोन्यूटन धरतात आणि जड यंत्रांच्या जागेला १०. आपला स्लॅब यातल्या कशासाठी बांधलाय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्याने स्लॅबकडे एकदा आणि खालच्या बीमच्या भेगांकडे दोनदा बघून मान हलवली.

तळमजल्यावरचा शेजारचा अर्धा गाळा भाड्याने घेतला. भाडं वाढलं, टाकी चार महिने उशिरा आली. एनएबीएलकडे स्कोप वाढवण्याचा अर्ज गेला. त्यासाठी दुसऱ्या एका प्रयोगशाळेबरोबर तीच पेटी दोघांनी तपासून निकाल ताडून बघितले. २०२४ च्या फेब्रुवारीत पहिला आयपी-६७ चा रिपोर्ट चिन्हासकट बाहेर पडला.

पावसाळ्यातली तक्रार

पहिल्या गिऱ्हाइकांत वसईचा एक पेटीवाला होता. ॲल्युमिनियमची पेटी, झाकणाला रबराची सील, एका कोपऱ्यात श्वास घेण्यासाठी छोटा पडदा. हा पडदा हवा जाऊ देतो, पाणी नाही. मार्चमध्ये तीन नमुने आले, तीन पास झाले. आत ठेवलेला टिपकागद कोरडा ठणठणीत.

जुलैमध्ये तो स्वतः आला. हातात पेटी. रस्त्यावर चालणाऱ्या काही गाड्यांच्या पेट्यांत पाणी सापडलं होतं. “रिपोर्ट तुमचा पास. मग हे काय?” त्याने पेटी टेबलावर उलटी केली. चमचाभर गढूळ पाणी पडलं.

ताईंची पहिली प्रतिक्रिया नियमाला धरून होती. रिपोर्टवर छापलेलंच असतं की निकाल फक्त तपासलेल्या नमुन्यांपुरते आहेत. चाचणी मानकाप्रमाणे झाली, नोंदी, फोटो, पाण्याचं तापमान, सगळं होतं. मीही हेच म्हणालो असतो. बाबा म्हणाले, “कागद बरोबर आहे, पण पेटी ओली आहे.”

तीन रस्ते होते. रिपोर्टवर ठाम राहायचं. नमुने पुन्हा फुकट तपासून द्यायचे, जे पुन्हा पासच झाले असते आणि भांडण वाढलं असतं. नाहीतर पेटीत पाणी कसं शिरलं ते शोधायचं, ज्याचे पैसे कोणी देणार नव्हतं. दोन दिवस वादात गेले. शेवटी ताईंनी त्याला एकच प्रश्न विचारला : गाडी पाण्यात गेली तेव्हा पेटी गरम होती का?

गरम असणारच होती. डिलिव्हरीच्या गाड्या, दिवसभर पळणाऱ्या, दुपारी चार्जिंग करून लगेच निघणाऱ्या. त्यात तुंबलेल्या सबवेतून जायचं.

मामा तेव्हा जेवत होते. ते म्हणाले, “ताई, गरम भात भरून डबा घट्ट लावला की थंड झाल्यावर झाकण निघत नाही. तसं झालं असेल.”

तसंच झालं होतं. पेटी तापते तेव्हा आतली हवा फुगते आणि पडद्यातून थोडी बाहेर जाते. अशी पेटी एकदम पाण्यात गेली की पडदा पाण्याखाली झाकला जातो, हवा परत येऊ शकत नाही, आणि पेटी थंड होऊ लागली की आत ओढ तयार होते. आतली हवा ५५ अंशांवरून २७ अंशांवर आली असं धरा. दाब साडेआठ टक्क्यांनी उतरतो, म्हणजे सुमारे ८.६ किलोपास्कल. पाण्याच्या भाषेत ही ८८ सेंटिमीटरची खोली. गाडी ४० सेंटिमीटर पाण्यात उभी असली तरी सीलला मात्र एक मीटर २८ सेंटिमीटरचं पाणी लागतं. चाचणीत एक मीटरच होतं.

मग चाचणी खोटी का? नाही. मानकातच लिहिलंय की पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. निकाल सगळीकडे सारखा यावा म्हणून हा परिणाम तिथे मुद्दाम बाजूला ठेवलाय. रिपोर्ट त्याला विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत होता. प्रश्नच रस्त्यावरचा नव्हता.

आणि इथे माझी चूक. काम घेताना भरायच्या फॉर्मवर, ज्याला आम्ही काँट्रॅक्ट रिव्ह्यू म्हणतो, “ग्राहकाची गरज समजून घेतली” अशी एक ओळ आहे. मार्चच्या त्या कामाचा फॉर्म माझ्या ऑडिटच्या नमुन्यात आला होता. ओळीपुढे बरोबरची खूण होती. मीही माझ्या यादीत बरोबरची खूण केली. “कशावरून समजून घेतली?” हे विचारणं माझं काम होतं.

पुढे काय केलं

त्यांनी वसईच्या पेट्या पुन्हा तपासायला घेतल्या. थर्मल चेंबरमध्ये ५५ अंशांवर तीन तास ठेवायच्या, बाहेर काढून लगेच खाली तळमजल्यावरच्या टाकीत, खोली फक्त ४० सेंटिमीटर. नव्या तीन पेट्यांपैकी एकीत पाण्याचा ठिपका आला. मग सील आधी जुनी करून बघायची ठरली. पेट्या बंद करून आठवडाभर उष्णतेत, मग शेकरवर, मग मिठाच्या फवाऱ्यात, मग गरम करून टाकीत. तिन्हींत पाणी आलं. खोलून बघितलं तर रबराची सील दाबून दाबून चपटी झाली होती आणि सोडल्यावर परत फुगत नव्हती. शिवाय एका बोल्टखालचा लेप मिठाने उचलला होता.

टाकी सोडली तर ही सगळी मशीनं वीस-तीस वर्षं तिथेच होती. नवीन काही असेल तर तो क्रम. पूर्वी एक नमुना एका मशीनवर जायचा आणि रिपोर्ट व्हायचा. सॉल्ट स्प्रेचा नमुना वेगळा, शेकरचा वेगळा. आता एकच नमुना सगळ्या मशीनांतून फिरतो आणि शेवटी पाण्यात जातो, कारण बॅटरीच्या पेटीवर रस्त्यावर हे सगळं एकापाठोपाठ येतं.

वसईवाल्याने सीलचं रबर बदललं, पडदा पेटीच्या वरच्या बाजूला, पाणी सहसा पोचणार नाही तिथे नेला. दुसऱ्या फेरीत चार महिन्यांनी तीन पेट्या कोरड्या निघाल्या.

एक अडचण कागदाची होती. हा क्रम कुठल्या एका मानकात नाही, स्कोपमध्ये नाही. चिन्ह छापता येत नाही. ताईंनी दोन रिपोर्ट द्यायचं ठरवलं : मानकाप्रमाणे आयपी-६७ चा, चिन्हासकट, आणि क्रमाचा वेगळा, चिन्हाशिवाय, तापमान, वेळ, खोली सगळं स्पष्ट लिहून. “यावरून काय वाटतं” हे मत लिहायचं असेल तर ते वेगळ्या परिच्छेदात, अधिकार दिलेल्या माणसाच्या सहीने. एका पार्टीला दुसरा रिपोर्ट नको होता. त्यांची पेटी क्रमात नापास झाली तेव्हा त्यांनी फक्त पहिल्या रिपोर्टचे पैसे दिले आणि पुढचं काम दुसरीकडे नेलं. तो त्यांचा हक्क आहे. मला राग आला होता, ताईंना आला नाही.

परिणाम

सायकलर तोट्यात विकलं. हप्ते अजून वर्षभर राहिलेत. सायलेन्सरचं काम शून्यावर आहे.

बॅटरीच्या पेट्या, कनेक्टर आणि हार्नेस मिळून आता निम्म्याहून जास्त काम होतं. पुण्याला मान्यतेसाठी जाण्याआधी इथे गळती शोधून घेणाऱ्या पार्ट्या वाढल्या. फोनवर सर्टिफिकेट मागणाऱ्याला ताई आता “आमच्याकडे मिळत नाही” म्हणून थांबत नाहीत. पेटी कुठे बसते, गाडी कुठे चालते, चार्जिंग कधी होतं, हे विचारतात. दहापैकी सहा-सात जण अजूनही फोन ठेवतात.

आश्चर्य दुसऱ्या पर्यायाचं. ज्यावर पाच मिनिटंही बोललो नव्हतो, ते इंधनात रबर बुडवायचं काम २०२४ मध्ये आपोआप आलं आणि टिकलं. ई-२० मुळे नळीवाले, सीलवाले, जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारे, सगळ्यांना आकडे हवेत. टॅक्सी, रिक्षा, डिलिव्हरी, खासगी मोटार मिळून मुंबईच्या रस्त्यावर आज पेट्रोल, सीएनजी, हायब्रिड आणि वीज सगळंच एका वेळी धावतंय. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, पण तिच्यासारखी नळी असलेल्या इतर गाड्या अजून खूप वर्षं राहतील. मामांनी एका नव्या मुलीला ते टेबल शिकवलं. हवेत वजन, पाण्यात वजन, त्यावरून आकारमान. ती त्यांच्यापेक्षा नीट वही लिहिते, असं ते स्वतः सांगतात.

पुन्हा करायचं झालं तर

सायकलर घेण्याचा निर्णय चुकला असं सगळे म्हणतात. मला तो क्रमाने चुकला असं वाटतं. सेलच्या चाचणीला मागणी आहेच. पण आधी जागा, शेजारी, विमा आणि अग्निशमन हे चार कागद टेबलावर हवे होते, आणि त्यातला एक जरी होकार देत नसेल तर मशीनचं पत्रक उघडायलाच नको होतं. स्लॅबचा प्रश्न बाबांच्या तोंडून योगायोगाने आला. तो यादीत असायला हवा होता. ती यादी आता आहे, आणि कोणतंही नवीन काम घेताना पहिला रकाना “नापास नमुना काय करेल” हा आहे. माझा तोच आग्रह होता.

रबराच्या टेबलाकडे आधी बघितलं असतं तर त्या दोन वर्षांचा पगार त्यावरच सुटला असता, असा ताईंचा हिशेब आहे. मला तो थोडा उदार वाटतो.

तरुण इंजिनिअरला थांबवता आलं असतं का, यावर घरात अजून मतभेद आहेत. त्याला मोठ्या संस्थेबरोबर जोडून, सेलचं काम तिकडे आणि पेटीचं इकडे, असं काही करता आलं असतं. त्या वेळी धुराच्या वासात कोणाला ते सुचलं नाही. तो आता पुण्यात एका बॅटरी कंपनीत आहे आणि मधूनमधून पेट्या पाठवतो.

मी गेल्या वेळी गेलो तेव्हा सोसायटीच्या फळ्यावर पुनर्विकासाच्या सभेची सूचना लागली होती. बिल्डरचा प्रस्ताव, तारीख, गणसंख्या. तळमजल्यावर मामा टाकीचा एक बोल्ट घट्ट करत होते. टाकी वेल्डिंगची नाही, पॅनेल जोडून केलेली आहे. पॅनेल सोळा, बोल्ट एकशे ब्याण्णव. ऑर्डर देताना ताईंनीच तसं सांगितलं होतं. सगळे बोल्ट काढायला किती वेळ लागेल, असं मी विचारलं. मामा म्हणाले, दोन माणसं असली तर दीड दिवस, पाणी सोडायला वेगळी रात्र.